घरचा मोबाइल, कुणाचा ओटीपी?

औरंगाबादजवळच्या वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाडाभरातून कामाला आलेली कुटुंबं शहरात स्थिरावत गेली. अशा अनेक घरांचा फोन बराच काळ ‘पी.पी.’ होता. नंबर घरमालकाचा किंवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा, निरोप आपला. बोलणं चारचौघांत व्हायचं, पण फोन ठेवला की मागे काही उरत नसे.

स्मार्टफोन आला तसं मागे उरू लागलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि शहरातल्या पैठण गेटच्या दुकानांतून अँड्रॉइड फोन वस्त्यावस्त्यांत पोहोचले. घरात फोन एकच असला, तरी वडिलांची बँक, आईचा माहेरचा ग्रुप आणि मुलीचे फोटो एकाच पॅटर्न लॉकमागे नांदू लागले.

यावरचा उपाय तोवर तयार होता. अँड्रॉइडने २०१२ मध्ये टॅबलेटवर आणि २०१४ च्या लॉलीपॉप आवृत्तीत फोनवरही अनेक वापरकर्त्यांची सोय दिली होती. प्रत्येकाची जागा वेगळी, अॅप वेगळी, कुलूपही वेगळं. मात्र प्रत्येक जागेला साठवण आणि रॅम लागते, आणि एक-दोन जीबी रॅमच्या फोनला एकाचाच भार जड. काही कंपन्यांनी तर ही सोय आपल्या फोनमधून काढूनच टाकली. जिथे ती राहिली, तिथेही फोनच्या मूळ मालकाला दुसऱ्याची अख्खी जागा पुसता येते. कॉल आणि एसएमएसची परवानगीही तोच देतो. म्हणजे घरातला कर्ता तोच फोनमधलाही कर्ता!

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि या मांडणीची कसोटी लागली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं सरकारने म्हटलं. अभ्यासासाठी सरकारी दीक्षा अॅप होतं, वर्गावर्गाचे व्हॉट्सअॅप ग्रुप झाले. दोन-तीन भावंडांचा गृहपाठ एकाच नंबरवर, वडिलांच्या कंपनीच्या शिफ्टच्या मेसेजांत मिसळून येऊ लागला. वडील कामावर गेले की शाळाही त्यांच्या खिशातून गेली. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, तेव्हा निदान लॉगिनशिवाय सगळ्या भावंडांना एकत्र बघता येईल असं काहीतरी मिळालं.

एका नंबरामागे अख्खं घर असतं हे उघडपणे मान्य केलं ते कोरोना लसीकरणाच्या कोविन पोर्टलने. २०२१ मध्ये एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंदणी करता यायची. जानेवारी २०२२ मध्ये ती मर्यादा सहावर गेली. दरम्यान, नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्हा प्रशासनाने लसीचा किमान एक डोस घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस आणि रेशन मिळणार नाही असा आदेश काढला. प्रमाणपत्र डाउनलोड करायला ओटीपी हवा आणि तो नोंदवलेल्या नंबरवरच येणार. रेशनच्या रांगेत उभी बाई आणि ओटीपी वाळूजच्या शिफ्टमध्ये, असा तो पेच. ज्या घराने प्रमाणपत्राची छापील प्रत काढून ठेवली, ते सुटलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सअॅपने अँड्रॉइडवर एका फोनमध्ये दोन खाती देण्याची घोषणा केली. पण दुसऱ्या खात्याला दुसरा नंबर लागतोच. खात्यांची वाटणी झाली, नंबराची झालीच नाही.

तोवर औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं होतं. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. नारीशक्ती दूत अॅपमधून अंगणवाडी सेविका एकाच फोनवर एकामागून एक बायकांचे अर्ज भरत होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली, तेव्हा लाभार्थी स्त्रीबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. एकच नंबर कितीही आधार कार्डांना जोडता येतो. त्यामुळे ज्या घरात दोघांच्या आधारला एकच नंबर, तिथे दोन्ही ओटीपी एकाच फोनवर येणार, आणि तो फोन बहुधा तिचा नसणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्केच होत्या.

या सगळ्या वर्षांत फोन वाटून घेणं ही गरिबीची तात्पुरती अवस्था आहे, प्रत्येकाच्या हातात फोन आला की प्रश्न मिटेल, असंच धरून चालण्यात आलं. फोन वाढलेही. पण खरी किल्ली सिमकार्डात होती, आणि ज्याच्याकडे सिम त्याच्याकडे बँक, शाळा आणि योजना गेली. अर्जात ‘मोबाइल क्रमांक’ असा रकाना सगळीकडे असतो. त्याखाली ‘हा क्रमांक कुणाच्या हाती असतो?’ असा आणखी एक रकाना हवा. उत्तर ‘दुसऱ्याच्या’ असेल, तर अंगठ्याचा ठसा किंवा छापील कागद चालेल, अशी तजवीजही त्याच अर्जात हवी.