पेशी मेल्या किती, उरल्या कोणत्या?

केमोथेरपीत दोन-तीन औषधं एकत्र का देतात, ते मागच्या लेखात पाहिलं. पण कोणत्या औषधांची जोडी जमेल, हे प्रयोगशाळेत कसं ठरवतात?

नेहमीची पद्धत सोपी आहे. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये कर्कपेशी वाढवतात. आडव्या ओळींत एका औषधाची मात्रा वाढवत नेतात, उभ्या ओळींत दुसऱ्याची. दोन-तीन दिवसांनी एमटीटी हे पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात, म्हणजे रंग फिका तेवढ्या पेशी कमी. त्यावरून चाऊ-तलाले पद्धतीनं एक निर्देशांक काढतात. तो १ पेक्षा कमी असेल तर औषधं एकमेकांचं बळ वाढवतात, जास्त असेल तर एकमेकांच्या आड येतात.

या मोजणीला धक्का बसला तो २००३ मध्ये. मिशिगन विद्यापीठात मुहम्मद अल-हज, मायकेल क्लार्क आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठींमधल्या पेशी वेगळ्या केल्या. पृष्ठभागावर सीडी४४ हे प्रथिन भरपूर आणि सीडी२४ हे प्रथिन नगण्य असलेल्या जेमतेम शंभर पेशींनी उंदरात नवी गाठ उभी केली. इतर पेशी हजारोंनी टोचूनही गाठ होत नव्हती. याच कर्करोगाच्या मूळपेशी.

हरळी वरून कितीही खुरपली तरी जमिनीतल्या काशांतून ती पुन्हा फुटते, तसाच हा प्रकार. २००८ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजनं रुग्णांच्या गाठींचे नमुने तपासले, तेव्हा १२ आठवड्यांच्या केमोथेरपीनंतर मूळपेशींचं सरासरी प्रमाण ४.७ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. शंभरातल्या नव्वद पेशी मारणारी जोडी उत्तम वाटते. पण उरलेल्या दहा मूळपेशी असल्या, तर रुग्णाचा धोका टळलेला नसतो.

म्हणून आता औषधातून वाचलेल्या पेशींचीच परीक्षा घेतात. त्यांना तळाला चिकटू न देणाऱ्या भांड्यात, सीरमविरहित द्रवात ठेवतात. तिथं बहुतेक पेशी मरतात. मूळपेशींसारख्या पेशी मात्र तरंगते गोळे बनवतात. त्यांना मॅमोस्फिअर म्हणतात. हे गोळे मोजतात आणि शेवटी मोजक्या पेशी उंदरात टोचून गाठ होते का ते पाहतात.

२००९ मध्ये हार्वर्डच्या केव्हिन स्ट्रूल यांच्या गटानं डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधाला मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची जोड दिली. डॉक्सोरुबिसिननं साध्या कर्कपेशी मेल्या, मेटफॉर्मिननं मूळपेशी. उंदरांमध्ये गाठ लवकर उलटली नाही.

या आशेची खरी कसोटी माणसांवर लागली. मधुमेह नसलेल्या ३,६४९ स्तनकर्करुग्णांच्या चाचणीत काहींना नेहमीच्या उपचारांसोबत मेटफॉर्मिन दिलं. २०२२ मध्ये निकाल आला : मुख्य गटात फायदा दिसला नाही. अनेक प्रयोगांत पेशींना मिळणारी मात्रा गोळी घेणाऱ्याच्या रक्तातल्या पातळीपेक्षा कितीतरी जास्त असते, ही मोठी अडचण आहे.

दुसरी अडचण यकृताची. सायक्लोफॉस्फमाइड हे केमोथेरपीचं औषध यकृतातून गेल्यावरच कामाला लागतं. प्लेटमध्ये यकृत नसतं, म्हणून तिथं त्याचं आधीच सक्रिय केलेलं रूप वापरावं लागतं. रुग्णाच्याच गाठीतून वाढवलेल्या सूक्ष्म त्रिमितीय गाठींवर, म्हणजे ऑर्गनॉइडवर, औषधांच्या जोड्या कशा तपासतात, ते पुढच्या आठवड्यात पाहू.