मान गेला, मेयोनीज आलं

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल हा कॉलेजपुरता मामला नसतो. लाख लाख माणसांची स्टेडियम, कोटीभर डॉलर पगार घेणारे प्रशिक्षक, पिढ्यान्‌पिढ्यांची हाडवैरं, असा सगळा थाट. (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू बगलेत मारून पळायचा. पायाचा संबंध बेताचाच.) हंगाम संपला की चांगल्या संघांना एखाद्या उबदार शहराकडून बोलावणं येतं: या, एक सामना खेळा, करंडक घेऊन जा. हा झाला बाऊल गेम. एके काळी या बोलावण्यासाठी गावंच्या गावं देव पाण्यात घालून बसत. आता बोलावणं आलं तरी लोक पाठ फिरवतात. ही घसरण कशी झाली, ते किश्शाकिश्शानं पाहू.

पहिलाच सामना अर्धवट

१ जानेवारी १९०२, पॅसाडेना, कॅलिफोर्निया. गावातल्या गुलाबांच्या मिरवणुकीला गर्दी खेचायची म्हणून मिशिगन आणि स्टॅनफर्ड यांचा सामना ठेवला. बाकीची अमेरिका बर्फात कुडकुडत असताना आमच्याकडे फुलं फुलतात, हे जगाला दाखवायचं होतं. मिशिगनने असं काही धुतलं की ४९-० असताना, आठेक मिनिटं शिल्लक ठेवून, स्टॅनफर्डने हात टेकले. आयोजकांनीही कानाला खडा लावला. पुढची १३ वर्षं तिथे फुटबॉलचं नाव नाही.

मग पळवली शहामृगं

फुटबॉलच्या जागी रोमन थाटाच्या रथांच्या शर्यती आल्या. १९१३ मध्ये शहामृगं पळाली, हत्ती आणि उंटाचीही शर्यत लागली. हत्ती जिंकला. १९१६ मध्ये फुटबॉल परतला तो कायमचा. १९२२ मध्ये वाडग्याच्या आकाराचं नवं स्टेडियम उभं राहिलं आणि सामन्याला नाव मिळालं, रोझ बाऊल. म्हणजे बाऊलचा जन्म विजेता ठरवायला झालाच नव्हता, तो झाला हॉटेलच्या खोल्या भरायला. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं नीट लागतं.

मानाचे चार

मायामीचा ऑरेंज बाऊल आणि न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाऊल १९३५ मध्ये सुरू झाले, डॅलसचा कॉटन बाऊल १९३७ मध्ये. गुलाब, संत्री, साखर, कापूस: ज्या मुलखाचा जो माल, त्याची जाहिरात. पुण्यात मानाचे गणपती तसे हे मानाचे चार. १ जानेवारीला टीव्हीसमोरून हलायचं नाही, हा पुढे घरोघरचा रिवाज झाला. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर कॅलिफोर्नियात गर्दी नको म्हणून १९४२ चा रोझ बाऊल देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम गावी खेळवला गेला, पण रद्द झाला नाही.

उलटी धाव, बाकावरची झेप

बाऊलचे किस्से निकालांपेक्षा टिकाऊ. १९२९ च्या रोझ बाऊलमध्ये कॅलिफोर्नियाच्या रॉय रीगल्सने चेंडू उचलला आणि भान हरपून तो स्वतःच्याच गोलरेषेकडे सुटला. शेवटी त्याच्याच संघातल्या गड्याने त्याला एक यार्डावर धरलं. या घोळातून जॉर्जिया टेकला दोन गुण मिळाले आणि सामना त्यांनी जिंकला ८-७ असा. १९५४ च्या कॉटन बाऊलमध्ये राइस विद्यापीठाचा डिकी मेगल मोकळा सुटलेला पाहून अलाबामाच्या टॉमी लुइसला बाकावर बसवेना. तो उठला, मैदानात घुसला आणि त्याने मेगलला आडवा केला. गोलरेषा गाठलीच असं धरून पंचांनी मेगलला ९५ यार्डांचा टचडाऊन बहाल केला.

ताठ मानेचा नकार

बाऊलला नाही म्हणण्याची सर्वांत देखणी गोष्ट १९५१ ची. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचा संघ एकही सामना हरला नव्हता. बोलावणं मिळण्यासारखं होतं, पण ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवून या, अशी अट होती. संघाने सांगितलं, मग कोणीच येत नाही. बाऊल हुकला. कॉलेजला फुटबॉल परवडेना, तेव्हा संघही मोडला. मॅटसन पुढे ऑलिम्पिक पदकं जिंकून आला. टोलर एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचा, पहिला कृष्णवर्णीय पंच झाला.

आधी गळ्यात हार, मग मैदानात हार

देशाचा विजेता कोण, हे ठरवायला अंतिम सामनाच नव्हता. पत्रकार आणि प्रशिक्षक आपापली मतं देत, आणि तीही कित्येक वर्षं बाऊल व्हायच्या आधी! १९७३ मध्ये प्रशिक्षकांनी अलाबामाला विजेता घोषित करून टाकलं. ३१ डिसेंबरला शुगर बाऊलमध्ये नोटर डेमने त्याच अलाबामाला २४-२३ असं हरवलं. घातलेला हार काढून घेणार कसा? पुढच्या हंगामापासून प्रशिक्षकांनी शहाणपण दाखवलं आणि बाऊल उरकल्यावरच मत द्यायला सुरुवात केली.

एकवीस डिसेंबरचा राजा

या गोंधळात एक गंमत होती. कुठलाही बाऊल कधीही निर्णायक ठरू शकायचा. १९८४ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने सॅन दिएगोच्या हॉलिडे बाऊलमध्ये, नाताळच्याही आधी, मिशिगनला २४-१७ हरवलं. मानाच्या चारांत हा बाऊल नव्हता, आणि मिशिगनचा तो हंगामही यथातथाच होता. पण ब्रिगहॅम यंग १३-० अशी अपराजित राहिली आणि मतांनी तिलाच देशाचं विजेतेपद दिलं. बाऊलचं वजन या संशयावर पोसलेलं होतं. विजेता नक्की नाही, तोवर प्रत्येक सामन्यात जीव.

संशय संपला, सद्दी संपली

मग व्यवस्था आली. १९९८ पासून पहिल्या दोन क्रमांकांची थेट गाठ, २०१४ पासून चार संघांची बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, आणि २०२४ पासून बारा संघांची. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने मानाचे चार धरून सहा मोठ्या बाऊलकडे गेले, बाकीचे सगळे एका फटक्यात निव्वळ मैत्रीचे झाले. मोठ्यांनीही किंमत मोजलीच. १९४७ पासून रोझ बाऊल म्हणजे सहसा मिडवेस्टच्या कॉलेजांची संघटना बिग टेन विरुद्ध पॅसिफिक किनाऱ्याची संघटना. २०२४ मध्ये किनाऱ्याची संघटना फुटली, ऑरेगन बिग टेनमध्ये गेली, आणि १ जानेवारी २०२५ ला रोझ बाऊलमध्ये ओहायो स्टेट विरुद्ध ऑरेगन, म्हणजे बिग टेन विरुद्ध बिग टेन!

जिंकलो आम्हीच, घ्या मिरवणूक

प्लेऑफचे संघ निवडणाऱ्या समितीने नाही बोलावलं तर? २०१७ च्या हंगामात सेंट्रल फ्लोरिडाचा संघ एकही सामना हरला नाही, तरी प्लेऑफच्या चारांत त्याला जागा नव्हती. त्यांनी पीच बाऊलमध्ये ऑबर्नला ३४-२७ हरवलं. याच ऑबर्नने त्या हंगामात अंतिम फेरीतल्या अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही एकेकदा लोळवलं होतं. सेंट्रल फ्लोरिडाने हिशेब मांडला, स्वतःलाच राष्ट्रीय विजेता जाहीर केलं आणि डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूकही काढली.

हरलात? तरी या

मान घटत होता, तेव्हा संख्या मात्र फुगत होती. २०१५ च्या हंगामात अंतिम सामना सोडून ४० बाऊल झाले. १२८ संघांपैकी ८० जणांना जागा! जिंकणारे संघ पुरेनात, म्हणून ७ सामने हरलेले आणि ५ च जिंकलेले नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट हे संघ अभ्यासातल्या प्रगतीचे गुण पाहून भरले. आणि या तिघांनीही आपापला बाऊल जिंकला.

पाहुण्यालाच बिल

आमंत्रण म्हणजे फुकटचा पाहुणचार, असं समजू नका. संघाला ठरावीक तिकिटं विकत घ्यावी लागायची. २०११ च्या फिएस्टा बाऊलसाठी कनेक्टिकटच्या वाट्याला १७,५०० तिकिटं आली. बहुतेक खपली नाहीत आणि विद्यापीठाला दहा लाख डॉलरहून जास्त खोट बसली. त्याच वर्षी फिएस्टा बाऊलचे प्रमुख जॉन जंकर यांना डच्चू मिळाला. ही संस्था कागदोपत्री ना-नफा, आणि जंकर साहेबांच्या पन्नाशीच्या पार्टीला तिच्याच तिजोरीतून तीसेक हजार डॉलर गेले होते.

गुडघ्याचा भाव

१ जानेवारी २०१६, फिएस्टा बाऊल. नोटर डेमचा जेलन स्मिथ एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या फेरीत, अगदी वर जाणार, असं सगळे म्हणत होते. सामन्यात गुडघा गेला आणि निवड झाली ३४ व्या क्रमांकावर. वर्षभरात लिओनार्ड फोर्नेट आणि क्रिश्चन मॅककॅफ्री या तगड्या खेळाडूंनी आपापल्या बाऊलला सरळ रामराम केला. टीकेची झोड उठली. पण ड्राफ्टमध्ये एक चौथा गेला, दुसरा आठवा. मग काय, रांगच लागली. त्यात कॉलेज बदलणं सोपं झालं आणि २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता यायला लागले. ऐन बाऊलच्या हंगामात अर्धा संघ नवं घर शोधत असतो.

त्रेसष्ट विरुद्ध तीन

परिणाम पाहायचा तर २०२३ च्या अखेरचा ऑरेंज बाऊल पाहा. १३-० अशी अपराजित फ्लोरिडा स्टेट प्लेऑफमधून वगळली गेली. रुसून वीसहून जास्त खेळाडूंनी अंग काढून घेतलं. जॉर्जियाने उरलेल्यांना ६३-३ असं चिरडलं. बाऊलच्या इतिहासात एवढ्या फरकाने कोणी हरलं नव्हतं. वर्षभराने मार्शल विद्यापीठाने तर आपल्या लीगचं विजेतेपद मिळवूनही इंडिपेंडन्स बाऊलमधून माघार घेतली. प्रशिक्षक गेला, त्यामागोमाग खेळाडू गेले, खेळायला माणसंच उरली नाहीत.

शुभंकर खा, कप धुवा

तरी बाऊल मरत नाहीत, कारण टीव्ही. सुट्टीच्या दिवसांत सोफ्यावर पडलेल्या अमेरिकेला चालू सामना हवा असतो. कितीतरी बाऊल तर ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या कंपनीच्याच मालकीचे आहेत. प्रायोजकांची नावं पूर्वीही मजेशीर होती. नव्वदच्या दशकात एका बाऊलवर गवत कापायच्या यंत्राचं नाव होतं. आताचे प्रायोजक मात्र खोटा आव आणत नाहीत. शार्लटच्या ड्यूक्स मेयो बाऊलमध्ये जिंकलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर बादलीभर मेयोनीज ओततात. बॉयसीच्या निळ्या मैदानावर फ्रेंच फ्राइजचा अभिषेक होतो. पॉप-टार्ट हा टोस्टरमध्ये भाजून खायचा गोड खाऊ. ऑरलँडोच्या पॉप-टार्ट्स बाऊलमध्ये २०२३ साली जिवंत शुभंकर हसत हसत भल्यामोठ्या टोस्टरमध्ये उतरला, टोस्टरच्या खालून, भाजलेला पॉप-टार्ट होऊन बाहेर आला आणि कॅन्सस स्टेटच्या पोरांनी तो मिटक्या मारत खाल्ला. पुढच्या वर्षी तर करंडकातच चालू टोस्टर बसवला.

न गेल्याचा दंड

नोटर डेमने १९२५ नंतर तब्बल ४४ वर्षं बाऊलला नकार दिला होता. पोरांचा अभ्यास बुडतो म्हणून. डिसेंबर २०२५ मध्ये १०-२ अशी कामगिरी करूनही प्लेऑफने दार लावलं, तेव्हा नोटर डेमने पुन्हा जाहीर केलं, आम्ही कुठल्याच बाऊलला जाणार नाही. या वेळी अभ्यासाचा प्रश्न नव्हता, फुगलेल्या गालांचा होता. आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेट यांनीही प्रशिक्षक बदलताहेत या कारणाने पाठ फिरवली, तेव्हा त्यांच्या लीगने दोघांना प्रत्येकी ५ लाख डॉलर दंड ठोकला. रिकाम्या जागा भरायला ५-७ अशा हरत्या संघांची दारं ठोठावली, तर त्यातल्या अनेकांनीही नको म्हटलं. ज्या मेजवानीला पाहुणे दंडाच्या धाकाने आणावे लागतात, तिचा मान किती उरला ते उघड आहे. मात्र टोस्टर गरम आहे, कॅमेरे चालू आहेत, आणि आयोजकांना त्याहून जास्त काही नकोच होतं.