छोट्या मोटरची ताकद मोजायची, पण बोटं शाबूत ठेवून

तर मंडळी, १२ व्होल्टची ७७५ मोटर तुम्ही आणता, पाकिटावर भलेमोठे वॅट छापलेले असतात. खरे किती? नुसती फिरवून कळत नाही, कारण रिकामी मोटर करंट फारच कमी खाते. लोड आला की तिचा खरा स्वभाव दिसतो. आणि लोड म्हणून शाफ्ट पक्कडीत धरायचा उद्योग प्लीज नको.

यावर जुना, स्वस्त उपाय म्हणजे प्रोनी ब्रेक. फ्रेंच इंजिनिअर गास्पार द प्रोनी यांनी १८२१ च्या सुमारास काढलेला. शाफ्टवर पुली, पुलीला दोन्हीकडून धरणारे लाकडी ठोकळे, ते आवळायला नट-बोल्ट, आणि ठोकळ्यांना जोडलेली पट्टी. पट्टीचं टोक टेकतं किचनच्या वजनकाट्यावर. बस्स.

समजा पट्टी १० सेंटिमीटर, काटा २०० ग्रॅम दाखवतोय. म्हणजे जवळपास २ न्यूटन, टॉर्क ०.२ न्यूटन-मीटर. वेग मिनिटाला ३००० फेरे असेल तर ताकद साधारण ६२ वॅट. मोटर तेव्हा १२ व्होल्टवर ८ अँपिअर, म्हणजे ९६ वॅट घेत असेल, तर उरलेले ३४ वॅट मोटरला तापवतायत. आणि ते ६२ कुठे गेले? ठोकळ्यांत, तेही उष्णता बनून! म्हणून एक रीडिंग १०-१५ सेकंदांत उरका, मग सगळं थंड होऊ द्या. लाकडाचा वास आला की थांबा.

आता खरी भीती. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, करंटला आवर तोच घालतो. शाफ्ट अडकला की तो शून्य. वायंडिंगचा रेझिस्टन्स ०.२ ओहम असेल तर थेट ६० अँपिअर! त्यामुळे लिथियम बॅटरी थेट जोडू नका. करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय घ्या, मध्ये फ्यूज टाका, बंद करायचं बटण हाताशी पण पुलीपासून लांब ठेवा.

मोटर शिकंजात पक्की बसवा. पट्टी मात्र काट्यावर दाबली जाईल अशाच दिशेने फिरवा, उलट झालं तर ती उसळून तोंडावर येते. दोन्ही बाजूंना अडसर लावलेला बरा. गॉगल हवाच. हातमोजे मात्र नकोत, पुली ते हातासकट ओढते. ओढणी, मोकळे केस, इअरफोनची वायर, सगळं बाजूला.

हे सगळं फक्त १२-२४ व्होल्टसाठी, बरं का. घरच्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या मिक्सरच्या मोटरवर हा प्रयोग करायचा नाही.