राणी बदलली, आवड बदलली: रास्त्रेल्लीची गोष्ट

आजचा एपिसोड अशा माणसावर आहे, ज्याचं काम तुम्ही फोटोत नक्की पाहिलं असेल, पण नाव क्वचितच ऐकलं असेल. सेंट पीटर्सबर्गचा विंटर पॅलेस बांधणारा बार्तोलोमेओ फ्रान्चेस्को रास्त्रेल्ली.

जन्म १७०० चा, पॅरिसमधला. वडील इटालियन शिल्पकार. झार पीटरला आपलं नवं शहर युरोपच्या तोडीचं करायचं होतं, म्हणून तो बाहेरून कारागीर बोलवत होता. १७१६ मध्ये वडील रशियात गेले आणि सोबत हा सोळा वर्षांचा पोरगा.

पुढे त्याला मोठी कामं मिळाली ती राणी आनाच्या दरबारात. तिचा लाडका सरदार बिरोन याच्यासाठी त्याने आजच्या लॅटव्हियात रुंडालेचा राजवाडा बांधायला घेतला. पण १७४० मध्ये आना गेली, बिरोनला अटक झाली आणि रुंडालेचं काम थांबलं. इथेच त्याचं करिअर संपू शकलं असतं! पण १७४१ मध्ये गादीवर आलेल्या राणी एलिझाबेथला थाटमाट हवा होता, आणि तो उभा करण्यात याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आता प्रश्न येतो, बरोक म्हणजे नेमकं काय? सोप्या शब्दांत, पाहणाऱ्याला थक्क करणारं बांधकाम. उदाहरण बघा, त्सार्स्कोये सेलोचा कॅथरीन पॅलेस. निळ्या भिंती, पांढरे खांब. आत सगळ्या खोल्यांची दारं एका सरळ रेषेत, म्हणजे पहिल्या दारात उभं राहिलं की नजर थेट टोकापर्यंत जाते. मोठ्या दिवाणखान्यात दोन्ही बाजूंना खिडक्या आणि मधल्या जागेत आरसे. त्यामुळे मेणबत्त्यांचा उजेड दुपटीने वाढतो आणि दालन आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. आणि गंमत म्हणजे, एवढा थाट बराचसा साध्या विटा आणि गिलाव्यावर उभा आहे.

१७५४ मध्ये विंटर पॅलेसचं काम सुरू झालं. हजाराहून जास्त खोल्या! दुसरीकडे स्मोल्नी मठासाठी त्याने सुमारे १४० मीटर उंच घंटाघर आखलं होतं. पण मध्येच सात वर्षांचं युद्ध पेटलं, पैसा तिकडे वळला आणि घंटाघर कागदावरच राहिलं.

जानेवारी १७६२ मध्ये एलिझाबेथ वारली. जो राजवाडा तिच्यासाठी बांधला, त्यात तिला राहायलाच मिळालं नाही. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या दुसऱ्या कॅथरीनला साध्या, सरळ रेषांची नवी शैली आवडायची. रास्त्रेल्लीची नक्षी तिला जुनाट वाटली. १७६३ मध्ये त्याला पेन्शन देऊन मोकळं केलं. जवळजवळ पन्नास वर्षं त्या देशात काढली होती त्याने!

मग त्याने काय केलं? आपण बांधलेल्या इमारतींची एक यादी स्वतःच लिहून काढली. एका अर्थाने तो त्याचा सीव्हीच म्हणा ना. १७७१ मध्ये तो गेला. पुढे एलिझाबेथसाठी त्याने बांधलेला लाकडी समर पॅलेसही १७९७ मध्ये पाडला गेला. विंटर पॅलेस १८३७ च्या आगीत आतून जळाला, पण बाहेरून पुन्हा त्याच्याच रूपात उभा केला गेला. आज तिथे हर्मिटाज म्युझियम आहे.

मंडळी, परक्या देशात, एकाच मालकाच्या मर्जीवर उभं राहिलेलं करिअर मर्जी संपली की संपतं. काम मात्र टिकू शकतं, कधीकधी मालकापेक्षाही जास्त. एपिसोड संपला की कॅथरीन पॅलेसचे फोटो शोधा आणि ती एका रेषेतली दारं नक्की बघा. भेटूया पुढच्या भागात!