ओटीवरचा विलंब

आमच्या आजीस एक धाकटी जाऊ होती. पहिल्याच बाळंतपणात तिचा रक्तस्राव थांबेना. तालुक्यास डॉक्टर होता, दारात बैलगाडीही होती. परंतु ओटीवर कर्त्या पुरुषांचा विचारच चालला, आणि विचार संपण्यापूर्वी ती माउली गेली. ही हकीकत सांगताना आजी पदराने डोळे टिपीत असे.

मातेच्या मृत्यूस कारण होणारे विलंब अभ्यासक तीन मानतात. दवाखान्यात न्यावे की नाही हे घरात ठरण्यास लागणारा पहिला, वाटेत होणारा दुसरा, आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळेपर्यंतचा तिसरा. पैकी पहिला विलंब जसा गरिबाच्या झोपडीत, तसाच सुशिक्षितांच्या वाड्यातही असू शकतो.

या विलंबांशी एका गरीब देशाने कसा सामना दिला, ते पाहण्यासारखे आहे. पूर्व आफ्रिकेतील इथिओपिया, म्हणजे आपल्या पूर्वजांचा हबसाण, हा डोंगराळ मुलूख. खेडी विखुरलेली, डॉक्टर थोडे. तेथील सरकारने २००३ साली नवी योजना आरंभिली. दहावीपर्यंत शिकलेल्या खेड्यांतील मुलींस वर्षभर शिक्षण दिले, पगार बांधून दिला, आणि सुमारे पाच हजार वस्तीस दोघी याप्रमाणे त्यांस नेमले. काही वर्षांतच त्यांची संख्या तीस हजारांवर गेली. घरोघर जाऊन गर्भिणीची विचारपूस करणे, मुलांस लस टोचणे, अर्भकास लोणी चाटविण्याऐवजी आईचा चीक पाजण्यास सांगणे, ही त्यांची नित्याची कामे. परक्या डॉक्टरास जे माजघर बंद, तेथे या मुली सासूबाईंपुढे बसून बोलू शकतात.

वाटेच्या विलंबावर प्रतीक्षागृहाचा उपाय आहे. दूरच्या गावची गर्भिणी दिवस भरत आले की दवाखान्याजवळ येऊन राहते. अत्तातच्या रुग्णालयात १९७०च्या दशकापासूनच ही सोय होती. पुढे ती अन्यत्र पसरली. कित्येक ठिकाणी बाळंतिणीची 'गेन्फो' नावाची घट्ट लापशी आणि कॉफीही तेथेच होते. घरची रीत अशी सोबत आली, म्हणजे बायकांचा संकोच कमी होतो.

२००० साली तेथे शंभरांतील अवघी पाच बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९ साली अठ्ठेचाळीस होऊ लागली. हजार मुलांमागे पाच वर्षांच्या आत दगावणारी १६६ होती, ती २०१६पर्यंत ६७वर आली. तथापि तिसरा विलंब हटलेला नाही. रक्त, औषधे व शस्त्रवैद्य अपुरे. त्यात २०२० ते २०२२च्या युद्धात टिग्रे प्रांतातील अनेक आरोग्यकेंद्रे उद्ध्वस्त झाली. वर्षानुवर्षांची पुण्याई अशी थोड्या दिवसांत लयास जाते.

आमचे सांगणे भगिनींपेक्षा बंधूंस आहे. घरात डोहाळजेवणाचा बेत ठरतो, त्याच बैठकीत दवाखाना कोणता, गाडी कोणाची, रक्त कोण देणार, हेही ठरवून टाकावे. आणि सून 'मला बरे वाटत नाही' म्हणाली, की ओटीवर विचारास बसू नये. उठून गाडी काढावी.