विश्लेषण : अमेरिकेतील अरब पुढे, युरोपातील मोरोक्कन मागे... असे का झाले?

युरोपातील स्थलांतरविरोधी राजकारणात मोरोक्कन समाजाकडे नेहमी बोट दाखवले जाते. अमेरिकेतील अरब समाज मात्र शिक्षणात सरासरीच्या पुढे आहे. दोघांची मुळे एकाच भूभागात आणि धर्मसंस्कृतीत आहेत, असे मानले तर हा फरक आला कुठून?

कतारमध्ये २०२२ साली झालेल्या फुटबॉल विश्वचषकात मोरोक्कोने उपांत्य फेरी गाठली. एखाद्या आफ्रिकी देशाने ही मजल मारण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या संघातील २६ पैकी १४ खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. अशरफ हकिमीचा जन्म माद्रिदचा, हकिम झियेश नेदरलँड्समधला, तर गोलरक्षक यासिन बोनो कॅनडात जन्मलेला. हकिमीची आई लोकांच्या घरी साफसफाईची कामे करत असे आणि वडील रस्त्यावर फिरून वस्तू विकत. युरोपातील मोरोक्कन कुटुंबांची गेल्या ५०-६० वर्षांतील कहाणी बऱ्याच अंशी अशीच आहे.

या समाजाची दुसरी ओळख राजकारण्यांनी घडवली. नेदरलँड्समधील नेते खेर्ट विल्डर्स यांनी २०१४ मध्ये एका सभेत ‘देशात मोरोक्कन जास्त हवेत की कमी?’ असा प्रश्न विचारला आणि जमावाने ‘कमी’ असा घोष केला. या प्रकरणी न्यायालयाने त्यांना समाजगटाचा अपमान केल्याबद्दल दोषी ठरवले, पण शिक्षा दिली नाही. पुढे २०२३ च्या निवडणुकीत त्यांचाच पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. ‘संस्कृतीच अशी आहे, म्हणून हे लोक मागे राहतात’ हा या प्रचाराचा गाभा. तो तपासायचा तर अमेरिकेतील अरबांशी तुलना उपयोगी ठरते.

मोरोक्कन म्हणजे अरबच ना?

पूर्णपणे नाही. मोरोक्को अरब लीगचा सदस्य आहे आणि अरबी ही तेथील राजभाषा आहे. मात्र देशातील मोठा समाज अमाझिघ, म्हणजेच बर्बर भाषा बोलतो. २०११ च्या राज्यघटनेने अमाझिघलाही राजभाषेचा दर्जा दिला. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये गेलेले बहुतांश मोरोक्कन उत्तरेकडील रिफ या डोंगराळ भागातील आहेत. त्यांची मातृभाषा अरबी नव्हे, तर तारिफित. फ्रान्सच्या खाणींसाठी दक्षिणेतील सूस भागातून माणसे नेण्यात आली, तीही प्रामुख्याने अमाझिघ बोलणारी.

अमेरिकेतील ‘अरब’ समाजही एकजिनसी नाही. त्यात लेबनॉन, सीरिया, इजिप्त, पॅलेस्टाईन, इराक, येमेन अशा अनेक देशांतून आलेले लोक आहेत. जुन्या पिढीतील मोठा वर्ग मुस्लीम नसून ख्रिस्ती होता.

अमेरिकेतील अरब कसे पोहोचले?

पहिली लाट १८८० नंतरची. तेव्हा ऑटोमन साम्राज्यात असलेल्या माउंट लेबनॉन परिसरातून शेतकरी कुटुंबांतील तरुण न्यूयॉर्कला उतरले. पाठीवर गाठोडे घेऊन सुया, दोरे, लेस, जपमाळा विकत ते गावोगाव फिरले. फेरीवाल्याचे दुकान झाले आणि दुकानातून मुलांचे शिक्षण झाले. डेट्रॉइट परिसरात हेन्री फोर्ड यांच्या मोटार कारखान्याने १९१४ मध्ये पाच डॉलर रोज देऊ केला, तेव्हा अनेक अरब कामगार तिकडे वळले. पुढे फोर्डचा भव्य कारखाना शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये उभा राहिला. आज त्या शहरातील निम्म्याहून अधिक लोक मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकी वंशाचे आहेत. २०२१ मध्ये अब्दुल्ला हम्मूद यांच्या रूपाने शहराला पहिला अरब वंशाचा महापौर मिळाला.

यात एक कायदेशीर बाबही निर्णायक ठरली. त्या काळी आशियाई माणसाला अमेरिकी नागरिकत्व मिळत नसे. १९१५ मध्ये जॉर्ज डाऊ या सीरियन स्थलांतरिताच्या खटल्यात अपील न्यायालयाने सीरियन लोक ‘श्वेत’ असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे या समाजाला नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला.

दुसरी मोठी लाट १९६५ च्या कायद्यानंतरची. देशनिहाय कोटा रद्द होऊन कौशल्य आणि कौटुंबिक नाते यांना प्राधान्य मिळाले. इजिप्त, सीरिया, इराकमधून डॉक्टर, अभियंते, विद्यार्थी आले. १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे अहमद झेवैल हे इजिप्तहून पीएच.डी.साठी अमेरिकेत आलेले विद्यार्थीच. म्हणजे अटलांटिक ओलांडणारी व्यक्ती बहुधा आधीच शिकलेली असे, किंवा तिच्याकडे तिकिटापुरता तरी पैसा असे.

युरोपने मोरोक्कन कामगार कसे निवडले?

इथे चित्र नेमके उलटे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपला खाणी, पोलाद, कापड आणि बांधकामासाठी स्वस्त मनुष्यबळ हवे होते. मोरोक्कोशी पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने १९६३ मध्ये, बेल्जियमने १९६४ मध्ये, तर नेदरलँड्सने १९६९ मध्ये कामगार भरतीचे करार केले. करारानुसार हे लोक ‘पाहुणे कामगार’ होते. काही वर्षे राबायचे आणि परत जायचे, अशी दोन्ही बाजूंची समजूत होती.

त्यामुळे निवडीचा निकष होता शरीर. फ्रान्सच्या उत्तरेकडील कोळसा खाणींसाठी फेलिक्स मोरा या माजी लष्करी अधिकाऱ्याने मोरोक्कोतील खेडोपाडी फिरून सत्तर हजारांहून अधिक माणसे भरती केली. रांगेत उघड्या अंगाने उभ्या असलेल्या तरुणांचे स्नायू, दात, पाठ तपासली जाई. निवडलेल्याच्या छातीवर हिरवा शिक्का, नाकारलेल्याच्या लाल. लिहितावाचता येणारा माणूस पुढे संघटना बांधेल, या भीतीने निरक्षर तरुणच पसंत केले जात. भरती झालेल्यांना अल्पमुदतीचे करार मिळत.

थोडक्यात, अमेरिकेत पोहोचलेल्या अरबांमध्ये शिकलेल्यांचे प्रमाण त्यांच्या मायदेशातील सरासरीपेक्षा जास्त होते. युरोपने मोरोक्कोतून मात्र शाळा न पाहिलेले लोकच मुद्दाम निवडले. दोन समाजांतील आर्थिक दरीची सुरुवात या निवडीत आहे.

१९७३ नंतर काय घडले?

तेलसंकटाने युरोपची अर्थव्यवस्था हादरली आणि १९७३-७४ मध्ये भरती थांबली. सरकारांना वाटले, आता हे कामगार परततील. झाले वेगळेच. एकदा परत गेलो तर पुन्हा प्रवेश नाही, हे लक्षात आल्यावर कामगारांनी बायको-मुलांनाच बोलावून घेतले. तात्पुरते वास्तव्य कायमचे झाले.

दुर्दैवाने ते स्थिरावत असतानाच त्यांची कामे संपत होती. नेदरलँड्समधील लिम्बर्गच्या खाणी १९७४ पर्यंत बंद झाल्या. कापड गिरण्या आणि जहाजबांधणीचे कारखानेही एकेक करून बंद पडले. उत्तर फ्रान्समधील शेवटची कोळसा खाण १९९० मध्ये बंद झाली. चाळिशीत बेरोजगार झालेल्या, स्थानिक भाषा न लिहिता येणाऱ्या कामगाराला दुसरे काम मिळणे कठीण होते. गिरण्या बंद झाल्यावर गिरणगावाचे काय झाले, हे मुंबईने पाहिले आहे. इथे तेच परक्या देशात, परक्या भाषेत घडले.

मुलांच्या पिढीचे काय झाले?

नेदरलँड्समध्ये मुलाला वयाच्या साधारण बाराव्या वर्षीच व्यावसायिक की विद्यापीठाकडे जाणाऱ्या शाळेत जायचे, हे ठरते. घरी डच न बोलणाऱ्या, निरक्षर पालकांच्या मुलांना ही लवकरची चाळणी महागात पडली. कित्येक मुले तर बारा-पंधराव्या वर्षी थेट रिफमधून येऊन वर्गात बसली. मोठ्या संख्येने ती व्यावसायिक शाखेत ढकलली गेली. आजही मोरोक्कन वंशाच्या डच नागरिकांमधील बेरोजगारी मूळ डच लोकांच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहून अधिक असते.

शिक्षण पूर्ण केल्यावरही अडथळे संपत नाहीत. शिक्षण आणि अनुभव तोच ठेवून केवळ नाव बदललेले नोकरीचे अर्ज पाठवण्याचे प्रयोग अनेक युरोपीय देशांत झाले. त्यांत अरबी वाटणाऱ्या नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. फ्रान्सच्या रेल्वेत १९७० च्या दशकात भरती झालेल्या मोरोक्कन कामगारांना, ते फ्रेंच नागरिक नसल्याने, सहकाऱ्यांपेक्षा कमी सवलती आणि कमी निवृत्तिवेतन मिळाले. आठशेहून अधिक कामगारांनी लढा दिला आणि २०१८ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. तोवर बहुतेक जण निवृत्त झाले होते, काहींचा मृत्यू झाला होता.

कायद्यांनीच फरक केला का?

काही ठिकाणी उघडपणे. स्पेनमध्ये लॅटिन अमेरिकेतून आलेल्या व्यक्तीला कायदेशीर वास्तव्याच्या दोन वर्षांनंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. जिब्राल्टरची चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडून आलेल्या मोरोक्कन व्यक्तीला दहा वर्षे थांबावे लागते. आल्मेरियातील प्लास्टिकच्या छताखालच्या शेतांत राबणाऱ्या मजुरासाठी ही आठ वर्षे फार मोठी असतात. त्या काळात त्याचा परवाना मालकाच्या करारावर अवलंबून असतो.

नेदरलँड्समधील बालसंगोपन अनुदान घोटाळा तर सरकारच्या अंगाशी आला. कर खात्याने हजारो पालकांना खोटेपणाने फसवणुकीत गुंतवले आणि अनुदानाची सारी रक्कम परत मागितली. कुटुंबे कर्जबाजारी झाली. संशयितांच्या छाननीत दुहेरी नागरिकत्वाची माहिती बेकायदा वापरल्याचे विदा संरक्षण यंत्रणेने २०२० मध्ये स्पष्ट केले. मोरोक्कन नागरिकत्व व्यवहारात सोडता येत नाही. त्यामुळे नेदरलँड्समध्ये जन्मलेली मोरोक्कन वंशाची मुलेही दुहेरी नागरिकच ठरतात. या प्रकरणावरून जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुट्टे यांच्या सरकारने राजीनामा दिला.

मग अमेरिकेतील सारे अरब सुखी आहेत का?

नाही. २००० च्या जनगणनेवर आधारित अहवाल याबाबत बोलका आहे. पंचविशी ओलांडलेल्या अरब वंशाच्या लोकांमध्ये पदवीधर ४१ टक्के होते, तर एकूण लोकसंख्येत २४ टक्के. कुटुंबाचे मध्यम उत्पन्नही राष्ट्रीय आकड्यापेक्षा थोडे जास्त. मात्र दारिद्र्यरेषेखालील अरब होते १७ टक्के, तर देशभरातील प्रमाण होते १२ टक्के.

शिक्षण जास्त आणि गरिबीही जास्त, हे कोडे सरासरी फोडून पाहिल्यावर सुटते. लेबनीज आणि सीरियन वंशाची चार पिढ्या स्थिरावलेली कुटुंबे संपन्न आहेत. युद्धातून पळून आलेले इराकी, शेतमजूर म्हणून आलेले येमेनी यांची स्थिती वेगळी आहे. कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांतील १९७३ च्या संपात मृत्युमुखी पडलेला नागी दैफुल्ला हा येमेनी मजूरच होता.

शिवाय ज्या ‘श्वेत’ शिक्क्याने नागरिकत्व दिले, त्यानेच हा समाज सरकारी आकडेवारीतून गायब केला. वेगळी नोंदच नसल्याने गरीब अरब वस्त्यांसाठी योजना मागणे अवघड झाले. ‘मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकी’ असा स्वतंत्र गट सरकारी नोंदींत आणण्याचा निर्णय अमेरिकेने २०२४ मध्ये घेतला.

मोरोक्कन माणूस अमेरिकेत गेला तर?

‘संस्कृती’च्या दाव्याची खरी परीक्षा इथे होते. अमेरिकेत १९९५ पासून विविधता व्हिसाची सोडत निघते. मोरोक्कोतून अनेक जण याच मार्गाने गेले. सोडतीत नाव आले तरी बारावीपर्यंतचे शिक्षण किंवा कुशल कामाचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे देश तोच, धर्म तोच. पण अमेरिकेच्या विमानात बसणारा मोरोक्कन शाळा पूर्ण केलेला किंवा हातात कसब असलेला असतो.

हाच नियम भारतीयांनाही लागू पडतो. आज नेदरलँड्समध्ये आम्स्टलफेन आणि आइंडहोव्हन परिसरात भारतीय अभियंते मोठ्या संख्येने राहतात. त्यांत पुण्या-मुंबईचे मराठी तरुणही आहेत. ते किमान पगाराची अट असलेल्या उच्चकुशल व्हिसावर गेले आहेत. त्यांच्या यशाची तुलना शेजारच्या मोरोक्कन कुटुंबाशी करणे म्हणजे शर्यतीच्या दोन वेगळ्या आरंभरेषा विसरणे होय.

आता काय बदलते आहे?

मोरोक्कन वंशाच्या मुली शिक्षणात भावांच्या पुढे गेल्या आहेत आणि विद्यापीठात पोहोचणाऱ्यांची संख्या पिढीगणिक वाढते आहे. १९७६ मध्ये पंधराव्या वर्षी रिफमधून आलेले अहमद अबुतालेब २००९ ते २०२४ अशी पंधरा वर्षे रॉटरडॅमचे महापौर होते. मोरोक्कोत जन्मलेल्या खदिजा अरिब डच संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्ष झाल्या. निरक्षर मजुराच्या घरातून एका-दोन पिढ्यांत इथवर येणे ही मोठी झेप आहे. मजुराच्या नातवाची तुलना डॉक्टरच्या मुलाशी केली, की ती दिसत नाही.

युरोपला आजही शेती, वृद्धसेवा आणि बांधकामासाठी बाहेरची माणसे हवी आहेत आणि नव्या ‘तात्पुरत्या’ व्हिसांची चर्चा पुन्हा सुरू आहे. मजूर म्हणून बोलावलेली माणसे कुटुंब थाटतात, त्यांची मुले स्थानिक शाळेत जातात, हे १९७३ नंतर दिसून आले. त्या मुलांसाठी भाषा, शाळा आणि नागरिकत्वाची सोय पहिल्या दिवसापासून केली नाही, तर तिची किंमत पुढच्या दोन पिढ्या मोजतात.