टाचेमागची शीर दुखते? धावणे सोडू नका, पण रेटूही नका

पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या वस्त्यांतली मुले-मुली पहाटेच धावायला निघतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि राज्य राखीव दलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. एका नोकरीवर सगळ्या घराची आशा असते. म्हणून टाचेच्या वर दुखू लागले तरी मुले ते लपवतात. या दुखण्याविषयी आम्ही या अंकात सांगत आहोत.

दुखते ते नेमके काय?

आपण तिला 'शीर' किंवा 'नस' म्हणतो, पण ती नस नव्हे. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ती जाड दोरी आहे. मराठीत तिला कंडरा म्हणतात, तर डॉक्टर अकिलिस टेंडन म्हणतात. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. सराव सुरू केला की दम काही आठवड्यांत वाढतो. कंडरेला मात्र रक्तपुरवठा कमी असल्याने ती बळकट व्हायला महिने लागतात. दम वाढला म्हणून अंतर एकदम दुप्पट केले की ती दुखावते. झिजलेले बूट आणि सिमेंटचा रस्ता यांनी त्यात भर पडते.

सकाळी उठल्यावर पहिली काही पावले टाच आखडते. चालल्यावर मोकळे वाटते. पळताना अंग तापले की दुखणे कमी होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उफाळते. दोन बोटांत दाबले तर ती जागा दुखते, कधी जाडही लागते.

काय करावे?

पूर्ण अंथरूण धरू नका, कारण ताणच मिळाला नाही तर कंडरा आणखी अशक्त होते. वेगाची धाव, चढ आणि उड्या आधी बंद करा. दम टिकवण्यासाठी सायकल चालवा. दुखण्याला दहापैकी गुण द्या. तीनपर्यंत दुखत असेल आणि दुसऱ्या सकाळी वाढले नसेल तर तेवढा व्यायाम चालतो. वाढले असेल तर तो कमी करा.

स्वीडनचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला व्यायाम आजही सांगितला जातो. त्याला पैसे लागत नाहीत, विहाराची पायरी पुरते. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहा. दोन्ही पायांनी टाचा वर उचला, मग सगळे वजन दुखऱ्या पायावर घेऊन ती टाच पायरीच्या खाली सावकाश सोडा. वर येताना चांगल्या पायाचा जोर लावा. १५ वेळा, अशा तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि तीन गुडघा किंचित वाकवून करा. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. सहज जमू लागले की पाठीवरच्या पिशवीत थोडे वजन घ्या. दुखणे अगदी टाचेच्या हाडावरच असेल तर पायरीऐवजी सपाट जमिनीवर करा.

पुन्हा धावताना एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे, तेही दिवसाआड, अशी सुरुवात करा.

काय करू नये?

वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरू नका. गोळीने दुखणे झाकले जाते, इजा तशीच वाढते. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास ती तुटण्याचा धोका असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकेही कंडरेला अपाय करू शकतात. ती मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. 'नस चढली' म्हणून जोरात रगडून घेणे किंवा उतारा टाकणे यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, 'कट्' असा आवाज आला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटलेली असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एरवीही काही आठवड्यांत उतार पडला नाही तर तपासून घ्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीची सोय असते.

विनयपिटकात सोण कोळिविसाची कथा आहे. चंक्रमण करता करता त्याच्या तळपायांतून रक्त आले. तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला: तार फार ताणली तरी सूर नीट लागत नाही, सैल सोडली तरी नाही. त्यानंतर भिक्खूंना पायताण वापरण्याची मुभाही दिली. टाचेच्या तारेलाही हाच मध्यम मार्ग लागू आहे.

घरच्यांना आमची एक विनंती. मुलगी किंवा मुलगा लंगडताना दिसला तर 'नाटक करतो' म्हणू नका, आणि 'सोडून दे' असेही म्हणू नका. तीन महिने धीराने दिले तर बहुतेकांचा पाय पुन्हा धावण्याजोगा होतो. दुखणे रेटले तर पुढची भरतीही हातची जाऊ शकते.